हृदयाची लय आणि नदीपलीकडचे रुग्ण

होडीच्या दोन्ही बाजूंची वल्ही एकाच वेळी पडली नाहीत, तर वल्हेकऱ्यांचे बळ वाया जाते आणि होडी जागीच डोलू लागते. काही दुर्बल हृदयांचेही असेच होते. विजेचा संदेश उजव्या कप्प्यास वेळेवर व डाव्यास उशिरा पोचतो. दोघांचे आकुंचन जुळत नाही आणि रक्त पुरेसे पुढे लोटले जात नाही.

ही लय जुळविण्याचा इतिहास फार जुना नाही. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे शल्यविशारद ऑके सेनिंग यांनी आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसविला. तो काही तासच चालला. लार्सन मात्र पुढील यंत्रांच्या आधारे २००१ पर्यंत जगले. ते यंत्र मंदावलेल्या हृदयास ठोका देई. १९९४ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी हृदयाचे चारही कप्पे एका सूत्रात चालविण्याचा प्रयोग जगापुढे मांडला आणि २००१ मध्ये अशा यंत्रास अमेरिकेत मान्यता मिळाली.

मान्यता मिळाली, नियमही ठरले. पण रुग्णालयांत प्रत्यक्ष काय चालते? ते जाणण्यासाठी २००८-०९ मध्ये युरोपातील १३ देशांत, १४१ केंद्रांतील २,४३८ रुग्णांची पाहणी झाली. मूळ चाचण्यांत ज्यांना फारसे स्थान नव्हते, असे वृद्ध आणि अनियमित ठोक्यांचे रुग्ण तेथे मोठ्या संख्येने आढळले. २०१५-१६ च्या दुसऱ्या पाहणीत ४२ देशांतील ११,०८८ रुग्णांची नोंद झाली.

परंतु अशी पाहणी रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचलेल्यांचीच मोजदाद करते. जे पोचलेच नाहीत, त्यांचे काय?

हा प्रश्न गोव्यातील पेडणे-डिचोलीस अपरिचित नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अंमलाखाली आलेल्या या नव्या काबिजादी. १८४२ साली वैद्यकीय विद्यालय निघाले ते पणजीस, मांडवीच्या दक्षिण तीरावर. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीचा पूल कोसळला, तेव्हा उत्तरेकडील माणसास पुन्हा फेरीबोटीचा आश्रय घ्यावा लागला. आज पूल आहेत. त्या विद्यालयाची परंपरा चालविणारे गोवा वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीस आहे. हृदयविकाराच्या झटक्यात तालुक्यातील केंद्रातून हृदयालेख तेथील तज्ज्ञांकडे धाडण्याची सोयही झाली आहे.

पण लय बिघडलेले हृदय झटक्यासारखी आरोळी ठोकत नाही. पायांस सूज येते, जिना चढताना धाप लागते. घरचे म्हणतात, वय झाले. त्याच साध्या हृदयालेखातील रुंद झालेली लाट मात्र खरे कारण सुचवू शकते. म्हणून पाहणीचा आरंभ शस्त्रक्रियागृहात नव्हे, तालुक्याच्या केंद्रात व्हावा. धाप लागलेले किती आले, आलेख किती जणांचा काढला, पुढे कितींना पाठविले, त्यांतील किती खरोखर गेले, आणि यंत्र बसविल्यावर तपासणीस कितीजण परतले, हे त्या वहीत असावे. त्या वहीतील रिकाम्या जागाच नदीपलीकडच्या रुग्णांची कहाणी सांगतील.