तबकडी, खेळयंत्र आणि डोंगरीचे मँगनीज

तुमसर तालुक्याच्या उत्तर अंगाला, मध्य प्रदेशाच्या सरहद्दीलगत वसलेल्या नाकाडोंगरीचे नाव सरकारी दप्तरात बहुधा वनपरिक्षेत्राच्या निमित्तानेच येते. परंतु जवळच्या डोंगरी बुजुर्ग येथील उघड्या खाणीतून जे मँगनीज निघते, त्याचा संबंध केवळ पोलादाच्या भट्टीशी नसून माणसाच्या दिवाणखान्याशीही आहे. मध्य प्रांतातील हे खनिज धुंडाळण्यासाठी १८९६ साली इंग्रज भांडवलदारांनी जे सिंडिकेट स्थापिले, त्याचा वारसा १९६२ साली मॉइल या कंपनीकडे आला. आणि डोंगरीचे मँगनीज डायऑक्साइड कोरड्या सेलांच्या धंद्याला पुरविले जाते; असले सेल करमणुकीच्या यंत्रांच्या रिमोटात बसतात.

करमणुकीची या मुलखाला वाण कधीच नव्हती. दिवाळी सरली की मंडईची जत्रा भरावी, दंडारीचे लोकनाट्य रंगावे, झाडीपट्टीच्या नाटकाने पहाट करावी, असा जुना शिरस्ता. १९८० नंतर महाराष्ट्रभर एका रात्रीच्या भाड्याने व्हीसीआर आणण्याची टूम निघाली, तिच्यामागून व्हीसीडी आली, आणि २००७ साली मोझर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी व ३४ रुपयांना डीव्हीडी विकावयास काढून चोरट्या नकलांशीच स्पर्धा मांडली. त्याच वर्षी एप्रिलात सोनीचे प्लेस्टेशन ३ हे खेळयंत्र, ब्लू-रे नावाची नवी तबकडी दाखविण्याची शक्ती पोटात घेऊन, ३९,९९० रुपयांना भारतात विक्रीस आले. तबकडीच्या आणि खेळयंत्राच्या या किमतींमधील अंतर पाहिले म्हणजे नव्या तबकड्यांचा सारा वाद खेड्यापाड्यांच्या डोक्यावरून का गेला, हे निराळे सांगावयास नको.

वाद मात्र मोठा होता. ४०५ नॅनोमीटरच्या निळसर-जांभळ्या लेझरमुळे, डीव्हीडीच्या एका थरात जिथे ४.७ गिगाबाइट मावत, तिथे ब्लू-रेच्या थरात २५ मावू लागले. तोशिबाने तिच्याविरुद्ध एचडी डीव्हीडी उभी केली. २००६ साली अमेरिकेत सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर सुमारे हजार डॉलरांना मिळे, आणि काही महिन्यांतच आलेले खेळयंत्र ४९९ वा ५९९ डॉलरांना. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६०ला एचडी डीव्हीडीची पेटी बाहेरून जोडण्याची सोय केली, पण ती वेगळी विकत घ्यावी लागे. सोनीने तोटा सोसून ब्लू-रे वाचण्याची सोय प्रत्येक यंत्रात आतच बसविली, आणि खेळासाठी यंत्र घेणाऱ्याच्या घरी चित्रपटाची तबकडी न बोलावता दाखल झाली. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर या चित्रपट कंपनीने ब्लू-रेचा पक्ष घेतला. १९ फेब्रुवारीला तोशिबाने शस्त्रे खाली ठेवली.

तरीही ब्लू-रे पाहण्यासाठी खेळयंत्र आणि स्वतंत्र प्लेअर या दोहोंत सरस कोण, हा प्रश्न जयपराजयाने सुटत नाही. पहिले स्वतंत्र प्लेअर तबकडी घातल्यावर चित्र दिसेपर्यंत माणसाचा अंत पाहत, आणि नवे नियम आले की त्यांतील कित्येक कालबाह्य ठरत. खेळयंत्र मात्र नव्या आज्ञावलीवर सुधारत जाई, इतके की २०१० साली ते त्रिमितीय तबकडीही दाखवू लागले. पण पहिल्या घडणीचे हे धूड चित्रपटासाठीही दीडशे वॉटांहून अधिक वीज खाई, त्याचा पंखा हळव्या प्रसंगी घोंघावे, आणि साध्या रिमोटचा अवरक्त किरण त्याला कळतच नसे. ब्लूटूथचा निराळा रिमोट घ्यावा लागे, त्यात दोन सेल घालावे लागत. अर्थात सेल संपल्यावर रिमोट तळहातावर आपटावा, सेल काढून गोल फिरवावेत, जमल्यास उन्हात ठेवावेत, हा आपल्याकडील सार्वत्रिक उपचार तोशिबावाल्यांस आणि सोनीवाल्यांस सारखाच लागू होता. माझे मत विचाराल तर, घरात दोन पोरे असतील तर खेळयंत्र ठीक. ज्याला मुकाट्याने चित्रपट पाहावयाचा आहे त्याच्यासाठी एकच काम जाणणारा प्लेअर बरा.

कारण खेळयंत्राची तबकडीवरील निष्ठा ही मालकाच्या गरजेपुरतीच होती. तबकडी बाजारात रुजली, आणि २०१६ साली सोनीच्याच प्लेस्टेशन ४ प्रोने ४के तबकडी वाचण्याचे नाकारले, तर पूर्वी हरलेल्या पक्षाच्या एक्सबॉक्स वन एसने ती वाचली! २०२० साली प्लेस्टेशन ५ची एक आवृत्ती तबकडीचे तोंडच नसलेली निघाली. इकडे ओप्पोने २०१८ साली आणि सॅमसंगने पुढच्या वर्षी अमेरिकेपुरते नवे प्लेअर काढणे थांबविले. ज्याला तबकडीच हवी, त्याला आता पॅनासॉनिकचा, नाहीतर त्याच सोनीचा स्वतंत्र प्लेअर शोधावा लागतो.