गृहशिक्षण व महाविद्यालयीन श्रेयांक

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवण्याची पद्धत म्हणजे गृहशिक्षण. अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत ते कायदेशीर असून नियम राज्यागणिक बदलतात. तेथील गृहशिक्षित विद्यार्थ्यांना पदवीचे श्रेयांक (क्रेडिट) आधीच मिळवण्याचे तीन प्रमुख मार्ग आहेत : कॉलेज बोर्डाची ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षा (गुण १ ते ५, बहुधा किमान ३ आवश्यक), १९६७ पासूनची ‘क्लेप’ परीक्षा (गुण २० ते ८०, शिफारस ५० ची) आणि कम्युनिटी कॉलेजातील दुहेरी नावनोंदणी. दुहेरी नावनोंदणीत एकच अभ्यासक्रम शालेय व महाविद्यालयीन अशा दोन्ही पातळ्यांवर गणला जातो. या तिन्ही मार्गांमुळे पदवीचा काळ व खर्च घटू शकतो. श्रेयांक स्वीकारण्याचा निर्णय प्रत्येक महाविद्यालयाचा असल्याने त्याचे धोरण आधीच तपासावे लागते. मुलाची तयारी व आवड पाहूनच यांपैकी मार्ग निवडणे हिताचे असते.