कानाखालची गाठ आणि सोनोग्राफीचा इतिहास

समजा, कोंडाण्यात राहणाऱ्या तुमच्या काकांच्या कानाखाली न दुखणारी गाठ आली आणि डॉक्टरांनी कर्जतला सोनोग्राफी करून यायला सांगितले. तुम्हाला नवल वाटेल. सोनोग्राफी तर गरोदर बायकांची! शिवाय केंद्राच्या दारावर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी.

त्या पाटीमागे आपल्याच राज्याचा इतिहास आहे. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. देशाचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला. मुलींसाठी तो गरजेचाच होता. पण सोनोग्राफी म्हणजे पोटातले बाळ, हे लोकांच्या मनात पक्के बसले.

खरे तर या तपासणीचे नाव झाले ते गाठींमुळे. ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड यांनी धातूतील भेगा शोधणारे ध्वनिलहरींचे यंत्र रुग्णांसाठी वापरून पाहिले. १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला त्यांचा निबंध पोटातील गाठींवरच होता. एका बाईला बरा न होणारा कर्करोग आहे असे समजले गेले होते. ध्वनिलहरींनी दाखवले, की ती बीजकोशाची पाण्याने भरलेली गाठ आहे. ऑपरेशन झाले आणि ती वाचली.

आता काकांच्या गाठीकडे येऊ. कानापुढच्या लाळग्रंथीतून चेहऱ्याची नस जाते. डोळा मिटणे, हसणे तिच्यावर अवलंबून असते. पूर्वी सर्जन बोटांनी चाचपून गाठ नुसती सोलून काढत. थोडा अंश मागे राहिला, तर ती पुन्हा उगवे आणि दुसऱ्या ऑपरेशनमध्ये नसेचा धोका वाढे.

सोनोग्राफीत गाठ ग्रंथीच्या आत आहे की शेजारी, एक आहे की अनेक, घट्ट आहे की पाण्याची, हे ऑपरेशनपूर्वीच कळते. सुईने नमुनाही नेमक्या जागेवरून घेता येतो. नस सहसा दिसत नाही. जवळच्या शिरेवरून तिचा अंदाज बांधतात. जबड्याच्या हाडामागे ध्वनिलहरी पोचत नाहीत. गाठ खोल असेल तर एमआरआय लागतो.

या ग्रंथीतल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरीही गाठीवर लेप, शेक करत महिने घालवू नका. ती झपाट्याने वाढली, दुखू लागली किंवा तोंड वाकडे झाले, तर लगेच दाखवा. आणि ऑपरेशनला जाताना सोनोग्राफीचा अहवाल सोबत न्या.