ब्रह्मदेशातील वेठीचे कागद

वेठीचा इतिहास लिहायला बसले की पहिली अडचण साधनांची येते. वेठीवर नेलेल्या माणसाचे नाव हजेरीपटावर चढत नाही, आणि मजुरीच नसल्यामुळे पावतीही उरत नाही. ब्रह्मदेशाच्या बाबतीत मात्र वेठ घेणाऱ्यांनीच कागद मागे ठेवले. सप्टेंबर १९८८मध्ये तिथे लष्करी मंडळाने सत्ता हाती घेतली. त्यानंतरच्या काळात सीमाभागातील पलटणी आसपासच्या गावांच्या मुखियांना चिठ्ठ्या धाडत. १९९२मध्ये सुरू झालेल्या कारेन मानवाधिकार गटाने अशा शेकडो चिठ्ठ्या मिळवल्या आणि भाषांतर करून प्रसिद्ध केल्या. छापताना गावांची नावे गाळली, कारण ती छापली असती तर चिठ्ठी बाहेर देणाऱ्याच्या जिवावर बेतले असते.

मजकूर थोडका असे. अमुक दिवशी अमुक वेळी इतकी माणसे छावणीवर पाठवा. हत्यारे आणि खाण्यापुरता तांदूळ सोबत असू द्या. चुकलात तर जबाबदारी तुमची. खाली सही, कधी शिक्का. मजुरीबद्दल अवाक्षर नाही. काही चिठ्ठ्यांबरोबर बंदुकीची गोळी, कोळशाचा तुकडा किंवा मिरची येई. गोळी म्हणजे मरण, कोळसा म्हणजे गावाची राख, मिरची म्हणजे छळ, हे मुखियाला कोणी समजावून सांगावे लागत नसे.

एखादी चिठ्ठी फार काही सिद्ध करत नाही. एखाद्या उद्दाम अधिकाऱ्याचा तो अतिरेक असेल, असे म्हणता येते. पण निरनिराळ्या पलटणींच्या, निरनिराळ्या सालांच्या चिठ्ठ्या शेजारी मांडल्या की तोच साचा पुन्हा पुन्हा दिसतो, आणि एकट्यादुकट्याच्या अतिरेकाचा बचाव टिकत नाही. हा कारभाराचा रुळलेला मार्ग होता.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या चौकशी आयोगापुढे हे कागद आले. त्या आयोगाची हकीकत १९५५पासून सांगावी लागते. त्या वर्षी ४ मार्च रोजी स्वतंत्र ब्रह्मदेशाने दोन करार एकदमच मान्य केले होते: सक्तीचे श्रम बंद करणारा २९ क्रमांकाचा आणि संघटना-स्वातंत्र्याचा ८७ क्रमांकाचा. लष्करी अमलात दुसरा करार कागदावरच राहिला आणि त्यामुळे पहिल्याच्या भंगाविरुद्ध देशातून दाद मागणारी मोकळी कामगार संघटना उरली नाही. अखेर जून १९९६मध्ये जिनिव्हाच्या श्रम परिषदेत २५ कामगार प्रतिनिधींनी तक्रार दाखल केली. मार्च १९९७मध्ये आयोग नेमण्याचा निर्णय झाला. बार्बाडोसचे सर विल्यम डग्लस अध्यक्ष, ऑस्ट्रेलियाच्या रॉबिन लेटन आणि भारताचे माजी सरन्यायाधीश प्रफुल्लचंद्र भगवती सदस्य. किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेले काम हेही राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदाखालचे सक्तीचे श्रमच, असा निकाल १९८२मध्ये दिल्लीतील एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात देणारे हेच भगवती.

राजवटीने आयोगाला देशात पाऊल टाकू दिले नाही. मग आयोग भारत, बांगलादेश आणि थायलंड इथे गेला आणि पळून आलेल्या सुमारे २५० माणसांच्या जबान्या त्याने नोंदवल्या. दाखल झालेली कागदपत्रे ६,००० पानांहून अधिक होती. तीन देशांत विखुरलेल्या, एकमेकांची भाषाही न जाणणाऱ्या माणसांच्या हकीकती चिठ्ठ्यांतल्या तपशिलाशी जुळत गेल्या. दक्षिणेत ये ते दावे या सुमारे १६० किलोमीटरच्या रेल्वेमार्गाचे काम १९९३मध्ये सुरू झाले. तिथे गावांना भरावाचे तुकडे वाटून दिले जात आणि घराघरातून पाळीने माणूस जाई. कर्ता पुरुष गेला तर घरी चूल पेटत नसे, म्हणून बायका, म्हातारे, मुलेही मातीच्या पाट्या वाहत. ज्याला जमे तो पैसे भरून सुटे किंवा बदली माणूस देई. सैन्याची ओझी वाहणाऱ्यांचे हाल याहून भयंकर होते. सुरुंग असण्याचा संशय असलेल्या वाटेवर त्यांना पुढे चालवले जाई.

सरकारचे म्हणणे असे की ही बौद्ध परंपरेतली श्रमदानाची पुण्याई आहे. या दाव्याला सर्वांत भक्कम उत्तर सरकारच्याच दप्तरात होते. २ जून १९९५च्या १२५ क्रमांकाच्या गुप्त आदेशात लष्करी मंडळाने स्वतःच नमूद केले आहे की रस्ते, पूल, लोहमार्ग आणि धरणे यांच्या कामांवर लोकांना मोबदल्याविना राबावे लागते, त्यांना त्यांचा मोबदला मिळालाच पाहिजे. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत बोलका कागद. वेठ चालते हे वरपर्यंत माहीत होते, याची ही लेखी कबुली आहे. आणि तो गुप्त ठेवल्यामुळे ज्याच्या हक्काचा तो होता, त्या शेतकऱ्याला तो कधी दाखवताच आला नाही.

कायद्याची गाठ त्याहून जुनी होती. ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचा प्रांत असताना १९०७मध्ये ग्राम कायदा आणि नगर कायदा झाले. गावातून जाणाऱ्या सैन्याला, पोलिसांना वाटाडे आणि हमाल पुरवणे हे ग्राम कायद्याने मुखियाचे कर्तव्य ठरवले. निदान तिथे ठरावीक दराने पैसे देण्याची अट होती. नव्वदच्या दशकातल्या चिठ्ठ्यांत तीही उरली नाही. दुसरीकडे, भारतातून गेलेल्या दंडविधानाचे कलम ३७४ बेकायदेशीरपणे कोणाला इच्छेविरुद्ध राबवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद सांगत होते. पण ग्राम कायदाच वेठीला कायदेशीर ठरवत असेल तर हे कलम लागायचे कधी? श्रम संघटनेचे तज्ज्ञ साठच्या दशकापासून हेच विचारत होते. २ जुलै १९९८च्या अहवालात आयोगाने तीन गोष्टी मागितल्या: १ मे १९९९पर्यंत कायदे बदला, प्रत्यक्षात वेठ थांबवा, कलम ३७४ अमलात आणा.

१४ मे १९९९ रोजी १/९९ क्रमांकाचा आदेश निघाला. जुने कायदे रद्द न करता त्यांतले अधिकार न वापरण्याची सूचना तेवढी त्यात होती. जून २०००मध्ये श्रम परिषदेने आपल्या घटनेच्या ३३व्या कलमाखाली कारवाई ठरवली. संघटनेच्या इतिहासात हे कलम तेव्हा पहिल्यांदा वापरले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पूरक आदेशाने वेठीवर पूर्ण बंदी आली, तरी फेब्रुवारी २००२मध्ये कारेन गटाने बंदीनंतरच्या चिठ्ठ्यांचा वेगळा संग्रह काढला.

कलम ३७४ प्रत्यक्षात चालवून दाखवले ते कॉमू भागातल्या सू सू न्वे या तरुणीने. गावकऱ्यांना रस्त्याच्या कामावर सक्तीने जुंपले म्हणून तिने फिर्याद दिली आणि जानेवारी २००५मध्ये दोन स्थानिक अधिकाऱ्यांना आठ महिन्यांची कैद झाली. या कलमाखाली अधिकारी तुरुंगात गेल्याचा हा पहिला खटला मानला जातो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अधिकाऱ्यांना शिवीगाळ आणि धमकी दिल्याच्या आरोपावरून तिला दीड वर्षाची शिक्षा झाली. जून २००६मध्ये ती सुटली.

१९०७चे दोन्ही कायदे २०१२मध्ये रद्द झाले, २०१३मध्ये श्रम परिषदेने निर्बंध उठवले. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता घेतली आणि महिन्याभरात १६ कामगार संघटना बेकायदा ठरवल्या. २०२२मध्ये नेमलेल्या दुसऱ्या चौकशी आयोगाने ऑक्टोबर २०२३मध्ये अहवाल दिला. २९ आणि ८७ या दोन्ही करारांचा भंग होत आहे आणि सैन्य लोकांना पुन्हा ओझी वाहायला, वाट दाखवायला नेत आहे, असे त्याने नोंदवले. जून २०२५मध्ये ३३वे कलम या देशाविरुद्ध दुसऱ्यांदा वापरण्यात आले.