'युनियनिस्ट' म्हणजे नेमक्या कोणत्या ऐक्याचे समर्थक?

'युनियनिस्ट' हा शब्द वाचला की आपल्याला आधी गिरणी कामगारांची युनियन आठवते. कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला ट्रेड युनियनिस्ट म्हणतात, हे खरेच. पण इतिहासाच्या पुस्तकांत या शब्दाचा अर्थ बहुधा वेगळा असतो : जोडलेले प्रदेश एकाच राज्यात राहावेत, असे मानणारा. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) फुटून निघालेल्या दक्षिणेतही संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेले युनियनिस्ट होते.

खरा गोंधळ आयर्लंडबाबत होतो. १८०१ पासून आयर्लंड ब्रिटनला जोडलेले होते. ते तसेच राहावे म्हणणारे, विशेषतः अल्स्टरमधील प्रोटेस्टंट, हे युनियनिस्ट. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरील ग्रंथात रेडमंड आणि कार्सन यांचा दाखला दिला आहे. आयर्लंड अखंड राहणार असेल, तर प्रोटेस्टंट अल्पसंख्याकांना हवी ती संरक्षणे द्यायला रेडमंड तयार होते. कार्सन यांनी ती झिडकारली. त्यांना रेडमंड यांच्या लोकांची सत्ताच नको होती. आता पाहा, अखंड आयर्लंड मागणारे रेडमंड राष्ट्रवादी आणि ते नाकारणारे कार्सन युनियनिस्टांचे पुढारी! कारण इथली 'युनियन' ब्रिटनशी आहे. 'ऐक्यवादी' असे भाषांतर करून हा भाग वाचला, तर दोघांच्या भूमिका उलट्या लागतात.

पंजाबातील युनियनिस्ट पक्ष (१९२३) आणखी वेगळा. तिथे हिंदू, मुस्लीम आणि शीख जमीनधारक एकत्र आले होते. धर्मापलीकडचा पक्ष म्हणून त्याचे कौतुक होते, पण त्याने १९०० चा जमीन हस्तांतरण कायदा उचलून धरला होता. त्या कायद्यात शेतकरी मानलेल्या जातींची जमीन यादीबाहेरच्यांना घेता येत नसे आणि बहुतेक दलित जाती यादीबाहेर होत्या. हे ऐक्य कोणाचे होते, ते यावरून कळते.

मराठीत लिहिताना 'संघवादी' हा शब्द आम्हाला अडचणीचा वाटतो. त्यातून संघराज्य, भिक्खूसंघ की नागपूरचा संघ, काहीही समजले जाईल. 'ऐक्यवादी' म्हटले की आपल्या वस्तीत रिपब्लिकन ऐक्याचीच चर्चा सुरू होते. त्यापेक्षा 'युनियनिस्ट' तसाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात 'ब्रिटनशी जोडून राहण्याचे समर्थक' असा खुलासा द्यावा. उत्तर आयर्लंडच्या आजच्या बातम्यांतही तो लागेल. तिथे युनियनिस्टांच्या कट्टर विरोधकांना 'रिपब्लिकन' म्हणतात. आपल्या पक्षाशी त्यांचा काही संबंध नाही.