घोंगडीत गुंडाळलेली बंदूक

अर्विंग म्हटले की आपल्या मंडळींना डॅलसचा विमानतळ, आयटी कंपन्या आणि देशी वाणसामानाची दुकाने आठवतात. २०१४ सालापासून इथल्या एका बागेत गांधीजींचा पुतळाही उभा आहे. पण याच गावात वेस्ट फिफ्थ स्ट्रीटवर २५१५ नंबरचे एक बसके, साधेसुधे घर आहे. अमेरिकेच्या इतिहासातली सर्वांत बदनाम बंदूक याच घराच्या गॅरेजमध्ये जवळजवळ दोन महिने पडून होती. अर्विंग नगरपालिकेने २००९ साली हे घर विकत घेतले, १९६३ साली होते तसे सजवले आणि २०१३ साली संग्रहालय म्हणून खुले केले.

घर होते रूथ पेन या बाईंचे. क्वेकर पंथाच्या, शांततावादी, रशियन भाषेची आवड असलेल्या. नवऱ्यापासून वेगळ्या राहत होत्या. ली हार्वे ओस्वाल्डची रशियन बायको मरीना हिला त्यांनी आपल्याकडे आसरा दिला. ओस्वाल्ड आठवडाभर डॅलसमध्ये भाड्याच्या खोलीत राही आणि शनिवार-रविवारी इथे येई. घरात रूथबाईंची दोन आणि मरीनाची दोन अशी चार चिमुरडी मुले. मरीनाची धाकटी तर जेमतेम महिन्याची.

सप्टेंबरअखेर ओस्वाल्ड कुटुंबाचे सामान गॅरेजमध्ये आले. त्यात एक गुंडाळलेली घोंगडी होती. रूथबाईंचे पती मायकेल कधीमधी तिथे काम करायला येत. त्यांनी ती एकदोनदा उचलून बाजूला ठेवली. आत तंबूचे वगैरे सामान असेल असे त्यांना वाटले. मरीनाला मात्र ठाऊक होते की आत रायफल आहे. रूथबाईंना यातले काहीच माहीत नव्हते.

२१ नोव्हेंबरला, गुरुवारी, ओस्वाल्ड अचानक अर्विंगला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या तरुणाच्या गाडीतून कामावर गेला. सोबत कागदात गुंडाळलेले एक लांबोळके होते. 'पडद्याचे दांडे आहेत,' असे त्याने सांगितले. दुपारी अध्यक्ष केनेडींचा खून झाला. पोलीस या घरी आले आणि ओस्वाल्डकडे बंदूक होती का, असे त्यांनी विचारले. रूथबाई म्हणाल्या, नाही. मग त्यांनी मरीनाला रशियनमध्ये विचारले, तर ती म्हणाली, होय. सगळे गॅरेजमध्ये गेले. पोलिसाने घोंगडी उचलली, तर ती हातावर दोन्हीकडून लोंबली. आत काहीच नव्हते.

केनेडींच्या खुनावर पुस्तकांचे डोंगर आहेत, त्यात माझी भर नको. मला खटकते ती एक घरगुती बाब. चार तान्ह्या-रांगत्या मुलांच्या घरात बंदूक होती आणि घराच्या मालकिणीला त्याचा पत्ता नव्हता. गंमत म्हणजे (गंमत कसली!) यात कायद्याने काहीच गैर नव्हते. ती रायफल ओस्वाल्डने टोपणनावाने शिकागोच्या दुकानातून टपालाने मागवली होती. किंमत १९ डॉलर ९५ सेंट, टपालखर्च धरून २१ डॉलर ४५ सेंट. आपल्याकडे बंदुकीसाठी परवाना लागतो, पोलीस चौकशी होते, निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करावी लागते आणि २१ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय परवानाच मिळत नाही. हे सगळे अंगवळणी पडलेल्या माणसाला टपालाने आलेली बंदूक म्हणजे कपाळावर हात मारून घेण्याची गोष्ट.

अमेरिकेला जाग यायला पाच वर्षे लागली. १९६८ च्या कायद्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या ग्राहकाला टपालाने बंदूक विकणे बंद केले. परवानाधारक दुकानदाराने रायफल १८ वर्षांखालच्याला आणि पिस्तूल २१ वर्षांखालच्याला विकायचे नाही असेही ठरले. म्हणजे मुलाने दुकानातून बंदूक आणायची नाही हे झाले. पण बापाने आणलेली बंदूक पलंगाखाली पडलेली असेल तर? त्याबद्दल हा कायदा गप्पच होता.

त्याबद्दल पहिला बोलला तो फ्लोरिडा. १९८९ च्या उन्हाळ्यात तिथे काही दिवसांच्या आत अनेक मुले घरातल्या बंदुकांना बळी पडली किंवा जखमी झाली. मग विधिमंडळाने कायदा केला की भरलेली बंदूक मुलाच्या हाती लागेल अशी ठेवली आणि त्यातून कोणी मेले किंवा जखमी झाले, तर मोठी माणसे गुन्हेगार. पुढे इतर राज्यांनी आपापल्या परीने तोच कित्ता गिरवला.

आमच्या टेक्ससमध्ये हा कायदा १९९५ साली झाला. टेक्ससने! हो, मलाही आश्चर्य वाटले होते. त्याच वर्षी, त्याच विधिमंडळाने परवाना घेऊन लपवलेले पिस्तूल बाळगायलाही मुभा दिली. एका हाताने बंदूक दिली, दुसऱ्या हाताने कुलूप दिले म्हणा ना.

हा कायदा जरा बारकाईने वाचण्यासारखा आहे. मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली आणि मोठ्या माणसाने ती निष्काळजीपणे ठेवली होती, तर गुन्हा. शिक्षा ५०० डॉलरपर्यंत दंड. मुलाने गोळी झाडली आणि कोणी मेले किंवा गंभीर जखमी झाले, तर एक वर्षापर्यंत कैद आणि ४,००० डॉलरपर्यंत दंड. शिकार, शेतीकाम, स्वसंरक्षण यांना सवलत. आणि एक कलम मनाला चटका लावणारे. मुलाने स्वतःलाच गोळी मारून घेतली आणि आरोपी त्याच्याच घरातला असेल, तर सात दिवस अटक करायची नाही. कायदा लिहिणाऱ्याने अंत्यविधीचा विचार केला होता.

पण फटीही आहेतच. बंदूक मुलाच्या हाती लागेपर्यंत गुन्हाच घडत नाही. म्हणजे कायदा येतो तो बहुधा रुग्णवाहिकेच्या मागून. शिवाय बंदूक भरलेली हवी. त्या घोंगडीतल्या रायफलीत काडतुसे होती असा पुरावा नाही, तेव्हा १९९५ चा कायदा १९६३ साली असता तरी त्या गॅरेजला लागू झाला नसता. तिसरी फट वयाची. या कायद्यात 'मूल' म्हणजे १७ वर्षांखालचे. २०१८ साली ह्यूस्टनजवळच्या सँटा फे गावात शाळेत दहा जण मारले गेले. बंदुका आरोपीच्या बापाच्या, आणि आरोपीचे वय १७. आईवडिलांवर फौजदारी खटला झाला नाही. दिवाणी दाव्यात २०२४ साली ज्यूरीने त्यांना निष्काळजी ठरवले नाही.

त्याच वर्षी मिशिगनमध्ये मात्र उलटे घडले. २०२१ साली ऑक्सफर्ड गावच्या शाळेत चार विद्यार्थी मारले गेले. ते पिस्तूल बापाने चारच दिवस आधी विकत घेतले होते. तेव्हा तिथे बंदूक कुलपात ठेवण्याचा कायदाच नव्हता, म्हणून आईवडिलांवर सदोष मनुष्यवधाचा खटला भरला गेला आणि दोघांना प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. मुलाने शाळेत केलेल्या गोळीबारासाठी आईबापांना असे दोषी ठरवण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ.

इथे कोणी म्हणेल, राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती आडवी येते. पूर्ण खरे नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टन शहराचा घरातली बंदूक नेहमी सुटी किंवा कुलूपबंद ठेवण्याचा नियम रद्द केला, कारण स्वसंरक्षणासाठीही ती वापरता येत नव्हती. पण अपघात टाळण्यासाठी बंदुका कशा ठेवाव्यात याचे कायदे आपण मोडीत काढत नाही, हेही त्याच निकालात लिहिले आहे. आणि असे कायदे उपयोगी पडतात. रँड या संशोधन संस्थेने सगळे अभ्यास तपासून म्हटले आहे की त्यांनी मुलांच्या आत्महत्या आणि अपघाती इजा कमी होतात. २०२० साली इथल्या १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूंच्या कारणांत बंदुकीने मोटार अपघातांनाही मागे टाकले, हे लक्षात घेतले तर 'थोडा उपयोग' हा शब्द थोडा राहत नाही.

मग आपल्यासारख्या, बंदूक न बाळगणाऱ्या मराठी घराचा यात काय संबंध? आहे. आपली मुले दुसऱ्यांच्या घरी खेळायला जातात, रात्री राहायला जातात. इथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की मूल पाठवण्याआधी सरळ विचारा, घरात बंदूक आहे का आणि ती कुलपात आहे का. शेंगदाण्याच्या ॲलर्जीबद्दल किंवा कुत्र्याबद्दल बोलतो तसेच. माझी मुलगी पाचवीत असताना मी मैत्रिणीच्या वडिलांना विचारले. त्यांना राग आला नाही. 'तीन आहेत, तिजोरीत, काडतुसे वेगळ्या कपाटात,' असे त्यांनी सांगितले, आणि वर म्हणाले, 'विचारलेत ते बरे केलेत, कोणी विचारत नाही.'

आपल्याला असे विचारायला अवघड वाटते. समोरच्याला काय वाटेल? पण भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. रूथबाई स्वभावाने भल्या होत्या, घरात शस्त्र नको म्हणणाऱ्या होत्या. पण पाहुण्याच्या सामानात काय आहे हे कोणी कोणाला विचारत नसे, आणि ज्या बाईला माहीत होते ती बोलली नाही. कायद्याने पुढे बरेच काही केले, अजूनही बरेच करायचे आहे. तोवर हा एक प्रश्न मात्र कुठल्याही विधिमंडळाची वाट न पाहता विचारता येतो. तुमची मुले, नातवंडे इकडे असतील, तर पुढच्या फोनवर त्यांच्या कानावर जरूर घाला.