मुंबईंतील दुहेरी धर्माधिकार व त्याचा निवाडा

एकच धर्ममत, एकच उपासनाविधि व एकच पोप मानणारे लोक दोन तटांत कां विभागले जावे, असा प्रश्न मुंबईच्या रोमन कॅथॉलिक समाजाचा इतिहास वाचणारास सहज पडतो. हा कलह सिद्धान्ताचा नव्हता, अधिकाराचा होता, हें प्रथम ध्यानीं घेतलें पाहिजे.

पूर्वेकडील धर्मकार्याचा खर्च चालविण्याच्या बदल्यांत बिशपपदाकरितां नांव सुचविण्याचा हक्क पोपनें पोर्तुगालच्या राजास दिला होता. त्यास ‘पाद्रोआदो’ म्हणत. १५३४ त गोव्याचा धर्मप्रांत स्थापन झाला, आणि वसई, साष्टी व मुंबई हीं त्याच्या कक्षेंत आलीं. पुढें १६२२ त रोम येथें ‘प्रोपागांडा’ ही संस्था निघाली व पोपच्या प्रत्यक्ष हुकमतीचे प्रतिनिधि पाठवूं लागली. १६३७ त आदिलशाही मुलखाकरितां नेमलेला मातेउश द काश्त्रु हा गोमंतकीय ख्रिस्ती याच परंपरेंतला. गोव्याच्या अधिकाऱ्यांशीं त्याचें वितुष्ट प्रसिद्धच आहे.

१६६५ त मुंबई इंग्रजांच्या ताब्यांत आली, तरी पाद्री गोव्याचेच राहिले. ते पोर्तुगीजांस अनुकूल असा संशय धरून १७२० त गव्हर्नर बून यानें त्यांस दूर केलें व देवळें प्रोपागांडाच्या कार्मेलाइट पाद्र्यांकडे सोंपविलीं. कंपनीनें १७८९ त तीं गोव्याच्या आर्चबिशपाकडे परत दिलीं, १७९१ त तो हुकूम फिरविला, आणि अखेर १७९४ त वांटणी केली. भुलेश्वरचें एस्पेरांसा व माहीमचें सेंट मायकेल प्रोपागांडाकडे, माझगांवचें ग्लोरिया व दादरचें साल्व्हासांव गोव्याकडे.

वतनाच्या तक्षिमा पाडल्यानें भाऊबंदकी मिटत नाहीं, हें आमच्या वाचकांस मराठी दप्तरांवरून ठाऊक आहे. येथेंही तसेंच झालें. इमारती वांटल्या गेल्या. माणसांची निष्ठा वांटली गेली नाहीं. १८५३ त माहीमच्या देवळाचा ताबा ठेवण्यासाठीं बिशप हार्टमन हे आंत ठाण मांडून बसले व विरुद्ध पक्षानें त्यांस घेरलें. शेवटीं सरकारनें हात घातला व देऊळ गोव्याच्या पक्षाकडे गेलें.

१८८६ च्या तहानें दमणचा नवा धर्मप्रांत पाद्रोआदोखालीं निर्माण झाला व मुंबईस प्रोपागांडाचें आर्चबिशपपद आलें; परंतु मुंबईंत दुहेरी अधिकार कायम राहिला. कोणी कोणत्या पाद्र्याकडे जावें हें वस्तीवर न ठरतां माणसाच्या पक्षावर ठरूं लागलें. खरा तोडगा १९२८ त निघाला. दमणचा प्रांत मोडून एकच आर्चबिशप ठेवावा, आणि तो पाळीपाळीनें पोर्तुगीज व ब्रिटिश असावा, असें ठरलें. त्याप्रमाणें प्रथम लिमा व मागाहून १९३७ त रॉबर्ट्स हे आले. रॉबर्ट्स यांनीं भारतीय बिशपाकरितां वाट मोकळी करून दिली, आणि १९५० त व्हालेरियन ग्रासियस आर्चबिशप झाले. त्याच वर्षीं पोर्तुगालनें तो जुना हक्कही सोडला.

यावरून आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, १७९४ च्या निवाड्यानें तंटा थोपला, पण ऐक्य झालें नाहीं. दोन्ही पक्षांस मान राहील अशी एक गादी १९२८ त ठरली, तेव्हां तें साधलें. संग्राहकांनींही हें ध्यानांत ठेवावें. एकाच वस्तींतील बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी दोन दप्तरांत विखुरलेल्या असणें संभवतें. एका दप्तरांत नांव न आढळलें म्हणून तें कुटुंब तेथें नव्हतें असें अनुमान काढूं नये. दोन्ही पक्षांचे कागद जोडून वाचावे.